मालतीताईंचा चहा

आमच्या कॉलनीत कुणाला शिक्षा झाली, की त्याला चहा मिळायचा. शिक्षा मालतीताई कीर्तने करत. रस्त्यात कुणी एखाद्याच्या रंगावरून काही बोललेलं कानावर आलं, की त्या थांबत, चष्मा वर सरकवत आणि अगदी गोड आवाजात म्हणत, "इस इतवार को चाय पीने आना."

लखनऊत आलेल्या आम्हा मराठी मंडळींत त्या सर्वांत जुन्या. वनस्पतिशास्त्रज्ञ, एकट्या, पन्नाशीच्या पुढच्या. मी बँकेतल्या बदलीमुळे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या शेजारी राहायला आलो. इतकी वर्षं लखनऊत काढूनही त्यांच्या हिंदीतला लिंगांचा गोंधळ सुटला नव्हता. ज्या शहरात लोक रिक्षावाल्यालाही 'आप' म्हणतात, तिथे त्या बिनदिक्कत "चाय ठंडा हो गया" म्हणत.

शिक्षा झालेला माणूस रविवारी हजर झाला, की समोर पीटर बसलेला असे. पीटर टांझानियाचा, इथे शिकायला आलेला. बाजारात पोरं त्याच्यामागे 'हबशी, हबशी' ओरडत चालत. ताई पाहुण्याच्या हातात पोह्यांची बशी देत आणि म्हणत, "अब पूछो. मन में रखा हुआ चीज सड़ता है."

पाहुणा घाम पुसत काहीतरी विचारी. एकदा भाजीवाल्यानं विचारलं, तुमच्या गावात सिंह फिरतात का? पीटर म्हणाला, पहिला सिंह मी तुमच्या चिड़ियाघरात पाहिला, तोही झोपलेला. भाजीवाला इतका हसला, की पुढच्या रविवारी न बोलावता आला.

मग पीटरला खोली हवी झाली. आमचे घरमालक श्रीवास्तवजी मागच्या गल्लीत राहत. माझ्या डोक्यावरची त्यांची बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, रिकामी होती. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि वर म्हणाले, "ये लोग यहाँ के नहीं हैं न."

ताईंनी या खेपेला चहा दिलाच नाही. सकाळी फिरायला म्हणून श्रीवास्तवजींना, पीटरला आणि मला त्यांनी सिकंदर बागेत नेलं. जुन्या दरवाजापाशी उभं राहून त्यांनी सांगितलं, की नवाबाच्या पदरी आफ्रिकेतून आलेले शिपाई होते, बायकाही होत्या. सत्तावनच्या लढाईत त्यांतले कित्येक याच शहरासाठी लढले आणि इथेच मातीत गेले. शाळेच्या पुस्तकात त्यांना एक ओळ मिळाली नाही. मग त्या श्रीवास्तवजींकडे वळल्या.

"सत्तावन में आपके घरवाले कहाँ थे?"

श्रीवास्तवजी प्रामाणिक गृहस्थ. थोडा विचार करून म्हणाले, सुना है, सब ननिहाल चले गए थे.

सगळे आजोळी! मला हसू आवरेना. पीटर मात्र हसला नाही. श्रीवास्तवजी लाल झाले, आणि त्यानंतर ताई दिसल्या की रस्ता ओलांडू लागले.

काही दिवसांनी ताई माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "जोशी, चुकलंच माझं. मी त्यांना विचारलं नाही, हरवलं. चला, आज मला त्यांच्याकडे चहा."

श्रीवास्तवजींनी आम्हाला आत घेतलं, कारण लखनवी माणूस दारातून कुणाला परत पाठवत नाही. ताईंनी आधी माफी मागितली. मग विचारलं, भीती कसली वाटते? मुलीसाठी स्थळं बघतोय, म्हणाले. माझ्या घरात असा भाडेकरू ठेवलाय हे कळलं, तर येणारे लोक काय म्हणतील?

ताईंनी कप खाली ठेवला.

"मुझे भी देखने आए थे. लड़के की माँ ने अपना हाथ मेरे हाथ के बाजू में रखके देखा. फिर मेरे छोटे बहन को माँगा. हमारे घर में सब हाँ बोले."

'मेरे छोटे बहन'ला त्या दिवशी कुणी हसलं नाही. पडद्याआड श्रीवास्तवजींची मुलगी उभी होती. ती बाहेर आली आणि एवढंच म्हणाली, "पापा, जो इस बात पर लौट जाए, उसे लौट जाने दीजिए."

पीटर ट्रंक घेऊन वर राहायला आला तो महिनाभरानं, आणि जिना त्याला स्वतः श्रीवास्तवजींनी दाखवला.

पण त्या संध्याकाळी यातलं काही ठरलेलं नव्हतं. आम्ही गल्लीतून परतत होतो. ताई नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. घराशी आल्यावर त्यांनी कुलूप काढलं, पण आत गेल्या नाहीत.

"जोशी, तुम्ही नवरा-बायको जेवताना काय बोलता हो?"

मी गोंधळलो. म्हटलं, विशेष काही नाही. भाजीत मीठ कमी आहे, उद्या गॅस संपेल, असलंच.

"हं," त्या म्हणाल्या. "असलंच विचारत होते."

आणि दिवा लावायला आत गेल्या.