मूकपटातले मूळ संवाद

सन एकोणीसशे एकसष्टमध्ये कानडी मुलखात, चामराजपेटेतल्या महाराष्ट्रीय कलाविवर्धिनी सभेला एक जुना मूकपट सापडला, आणि दाखवण्यापूर्वी तो मूळ स्वरूपात आणावा असा ठराव एकमतानं झाला. सापडला म्हणजे आनेकलच्या बंद पडलेल्या तंबू-थिएटरातून सभेच्या शिपायानं, बसवंतानं, त्याचे डबे बसच्या टपावर टाकून आणले. नाव ‘कनकावतीचा वनवास’. त्यातली राणी कनकावती ही प्रेमाअक्कांची आई, आणि तिच्या मांडीवरचा बाळराजा म्हणजे खुद्द प्रेमाअक्का.

अक्का तेव्हा एवढ्याशा होत्या. चित्रण संपलं, आई तापानं गेली, मागे तिचा एक फोटोसुद्धा राहिला नाही. मामांनी चित्रपट बघू दिला नाही. चांगल्या घरच्या मुली असलं बघत नाहीत, त्यात काम केलेलं असलं तरी! त्यामुळे डबे आल्याचं कळताच अक्का फोडणी अर्धी टाकून सभेच्या खोलीवर धावल्या.

“आजच लावता का हो? मला आईचं तोंड बघायचंय.”

अध्यक्ष विद्याधरराव सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. चव घेऊन मंजूर केल्याशिवाय घरात आमटीसुद्धा वाढू देत नसत. म्हणाले, “लावायला काय, कुणीही लावील. आधी मूळ कसं होतं ते ठरू द्या.”

सभासदांनी तो आपापल्या गावी लहानपणी पाहिला होता. धारवाडचे भीमाचार्य मास्तर तर नुसत्या आठवणीनं गहिवरले. “राणीचे संवाद काय होते म्हणता! अंगावर काटा यायचा!”

“आचार्य, मूकपट तो,” अक्का म्हणाल्या.

“असेल. मी या कानांनी ऐकलेत की!”

खरंच ऐकले होते. त्या काळी पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून मनाला येईल ते मोठ्यानं बोले. बेळगावला पाहिलेल्या सभासद हणमंतरावांची राणी “काय करू रं देवा” म्हणत असे, पुण्याची “प्राणनाथ” म्हणे, आनेकलची तर चक्क कन्नड बोलायची. संवाद-निश्चिती उपसमिती नेमली गेली. तीत हातघाई झाली आणि धारवाड जिंकलं, कारण आचार्यांचा आवाज मोठा. शिवाय राणी नदीवर अंघोळीला उतरली की धारवाडचे मॅनेजर यंत्रापुढे आपली टोपी धरत. ती टोपीही मूळ म्हणून मंजूर झाली.

मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरून तपासली. संवाद नाहीत. टोपी नाही. विद्याधररावांनी चष्मा पुसला. “मंजूर वर्णनाशी माल जुळत नाही. नामंजूर.”

“अहो, पण त्यात माझी आई आहे!”

“आईचा फोटो आणा. ताडून पाहू.”

“फोटो असता तर मी कशाला तुमच्या पायऱ्या झिजवल्या असत्या?”

“म्हणजे पुरावा नाही.”

“मी स्वतः तिथं होते हो, तिच्या मांडीवर!”

“तुम्ही कॅमेऱ्यापुढे होतात, अक्का. पडद्यापुढे नव्हतात. चित्रपट पडद्यापुढून बघायचा असतो,” विद्याधरराव समजुतीनं म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नामंजूर माल आवारात ठेवायचा नाही, चांगल्यात मिसळतो, हा कारखान्याचा नियम. पुढच्या पिढीची दिशाभूल नको म्हणून डबे परसू बांगडीवाल्याला दिले; तो जुन्या फिल्म वितळवून बांगड्या करी. अक्का रडल्या, हातापाया पडल्या, “एकदाच लावा, मग जाळा” म्हणाल्या. मेल्यांनी ऐकलं नाही.

आणि रविवारी ‘कनकावतीचा वनवास’ मूळ स्वरूपात सादर झाला. कोरा पडदा, त्यावर दिव्याचा झोत, वेळ येताच टोपी. संवाद भीमाचार्यांना पाठ, म्हणून राणीही तेच झाले, नऊवारी नेसून. मिशी काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. वडील धारवाडला ठणठणीत होते. ते हयात असताना मिशी काढतात होय? आचार्यांनी बारीक आवाजात असा काही टाहो फोडला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. हसू नका! तुम्ही तिथं असतात तर तुमचाही रुमाल निघाला असता.

खेळ संपला. आचार्य घाम पुसत पुढे आले. “काय अक्का? डिट्टो आई की नाही?”

“आचार्य, आईला मिशा नव्हत्या हो.”

सभागृहात चुळबुळ झाली. विद्याधररावांनी प्रश्न रीतसर सभेपुढे ठेवला. ज्यांना मिशा आठवतात त्यांनी हात वर करावेत.

तुमच्या-आमच्यासारखीच शहाणीसुरती माणसं ती. आधी एकमेकांकडे पाहिलं, मग भराभरा हात वर केले. ज्यांनी चित्रपट कधी पाहिलाच नव्हता त्यांचे हात सगळ्यांत उंच.

अक्कांनी डोळे मिटले आणि मांडीवरून वर पाहताना दिसलेला आईचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. कपाळ आलं, कुंकू आलं, डोळे आले. पुन्हा पुन्हा पुसून पाहिलं, पण खाली मिशा येतच राहिल्या.

मग त्यांनीही हात वर केला.