शालूच्या ओच्यातला माईक

भागोजीनं ठरवलं ते तसं अगदीच किरकोळ होतं. दत्ताच्या कंबरेला जी जपानी डबी बांधायची, ती आधी आपल्या कंबरेला बांधून बघायची. बस्स, एवढंच. माणूस वहाणसुद्धा आधी पायात घालून बघतो. (आता दत्ताची वहाण भागोजीनं कशाला घालून बघावी, हा प्रश्न त्याला पडला नाही. पडला असता तर गावाला इतकं हसायला मिळालं नसतं.)

गाव बोर्ली पंचतनच्या अलीकडचं, माडांच्या आडोशाला बसलेलं. साल बासष्ट-त्रेसष्ट असावं. मारुतीच्या उत्सवाला गावाचं नाटक व्हायचं आणि नाटकात बाईचं काम भागोजी करायचा. वर्षानुवर्षं. एरवी नांगर धरणारा, बंदरावर भाताची पोती उचलणारा हा गडी, उत्सव जवळ आला की मिशी उतरवायचा, आपल्या बायकोचा, राहीचा, लग्नातला अंजिरी शालू चापून नेसायचा आणि अशी काही मान मुरडायचा, की पुढं बसलेल्या म्हाताऱ्या आपापल्या सुनांना कोपरानं ढोसून म्हणायच्या, बघ, शिक काहीतरी.

यंदा मात्र मंडळाचा अध्यक्ष रावजी घरी आला आणि चहा पिता पिता सांगून गेला, की बाईचं काम यंदा दत्ता करील. दत्ता म्हणजे शेजारच्या घरातला, मुंबईला गिरणीत लागलेला, सध्या रजेवर आलेला, शेवग्याच्या शेंगेसारखा पोरगा. कारण विचारलं तर रावजी म्हणाला, गेल्या वर्षी नायिका बेशुद्ध पडली ती नायकाला उचलवेना. उचलता उचलता तोच बेशुद्ध पडायची पाळी आली होती.

इथवर भागोजीनं गिळलं असतं. वय होतं, पोट सुटतं, त्याला इलाज नाही. पण रावजीची पाठ वळते न वळते तोच राहीनं ट्रंक उघडून तो अंजिरी शालू बाहेर काढला आणि दत्तासाठी उन्हात टाकला, तेव्हा भागोजीच्या पोटात जे दुखू लागलं, ते ओव्याच्या अर्कानं बरं होण्यातलं नव्हतं. पुढं रोज संध्याकाळी दत्ता पडवीत यायचा, राही त्याला चालायचं कसं, बसताना पदर कसा सावरायचा ते दाखवायची, आणि दोघं हसायची. भागोजी अंगणात बसून सुंभ वळायचा. वळता वळता सुंभ इतका घट्ट व्हायचा, की त्यानं गलबत बांधलं असतं तरी सुटलं नसतं.

आपल्याला नक्की कसला राग आलाय, बायको परक्या पुरुषाचं कौतुक करते याचा, की आपली जागा परक्या बाईनं घेतली याचा, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोन्ही बाजूंनी जळत होतं, हे मात्र खरं.

त्यात ही डबी आली. तोवर गावच्या नाटकाला माईक एकच. बोर्लीचा अंबाजी भाड्यानं भोंगे आणायचा आणि रंगमंचाच्या मधोमध वरच्या वाशाला दोरीनं माईक टांगायचा. ज्याला बोलायचं असेल त्यानं माईकखाली यायचं. नायिका डाव्या कोपऱ्यात विष प्यायली, तरी मरायला मध्ये यायची. सासू, सासरा, नायक, सगळे तिथंच दाटीनं उभे, विहिरीवर घागर घेऊन पाळीची वाट बघावी तसे. रावजीचा मेहुणा जहाजावर खलाशी होता. त्यानं जपानातून बिनतारी माईक आणला. बटणाएवढा माईक, त्याला बारीक वायर, वायरीच्या टोकाला पत्त्यांच्या जोडाएवढी डबी आणि डबीत बॅटरी. डबी कंबरेला लावायची, माईक छातीशी. डबीला शेपटीसारखी एक तार, ती सरळ खाली सोडायची, गुंडाळायची नाही आणि घामानं भिजू द्यायची नाही. मग डबीतला आवाज हवेतून जातो, अंबाजीच्या मशीनशेजारच्या दुसऱ्या डब्यात पडतो आणि भोंग्यातून बाहेर येतो. मेहुण्यानं इतकं सांगितलं, रावजीनं मान हलवली, आणि मेहुणा जहाजावर परत गेला.

रावजीनं ते सगळं सामान भागोजीच्या हातात दिलं. नऊवारीत अशी डबी कुठं दडवायची, हे गावात तुझ्याशिवाय कुणाला कळणार, म्हणाला. बोलला ते मानानंच. पण भागोजीला वाटलं, आपल्या बायकोचा शालू परक्या गड्याच्या अंगावर, आणि गाठ मारायला आपणच.

उत्सवाच्या दिवशी दिवेलागणीच्या आधी दत्ता देवळाच्या मागं तोंडाला रंग लावून घेत बसला होता. अंगात चोळी आणि खाली अर्धी चड्डी. शालू यायचा होता. शालू भागोजीच्या मागच्या पडवीत होता आणि रंगमंचाची मागची कनात त्या पडवीला लागूनच होती. राही शेजारी गजरा आणायला गेलेली. भागोजीनं दार लोटलं, आपली जुनी चोळी काढली, श्वास रोखून ती अंगात घातली (मग तो श्वास सोडवेना) आणि शालू नेसायला घेतला.

काम त्यानं झकास केलं, यात वाद नाही. डबी ओच्यात, निऱ्यांच्या मागं, बाहेरून वाटावं बाईनं पानाची चंची खोचलीय. वायर चोळीच्या आतून वर. माईक मंगळसूत्राच्या वाट्यांमागं. शेपटीची तार काष्ट्यातून सरळ खाली. मग त्यानं डबीचा खटका वर केला. डबीवर बारीक लाल दिवा लागला.

इथं भागोजीचं चुकलं. पण चुकलं ते अडाणीपणानं नव्हे, अनुभवानं. उभा जन्म बंदरावर गेलेला. बंदरावर लाल बावटा चढला की लाँच बंद. होड्या बंद. पोती उचलणं बंद. लाल म्हणजे बंद, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्यानं खटका खाली केला. लाल दिवा गेला. आता झाली चालू, असं म्हणून तो नाजूक आवाजात ‘हॅलो’ म्हणाला. भोंग्यातून काही आलं नाही. पुन्हा म्हणाला, मग जरा खेकसून म्हणाला. काही नाही. भागोजीला मनातून फार बरं वाटलं. डबी नादुरुस्त. दत्ताचा आवाज आता तिसऱ्या रांगेलाही जायचा नाही. उगाच बॅटरी जळू नये म्हणून त्यानं खटका पुन्हा वर केला, लाल दिवा लागल्याची खातरजमा केली, आणि ओचा सारखा केला.

तेवढ्यात राही आत आली. हातात गजरा. नवऱ्याकडं बघून दारातच थांबली.

“काडा तो शालू. पोरगा उघडा बसलाय तिकडं.”

“बसूं दे. एवढी वर्सं मी नेसलो, तवा कुणाला घाई नव्हती.”

“अवो, नाटक सुरू व्हायचंय.”

“राही, एक सांग. खरं सांग. हा शालू कुणाला शोभतो? त्याला का मला?”

“मला शोभतो,” राही म्हणाली. “माज्या लग्नातला हाय तो.”

समोर मैदानात त्या वेळी काय झालं ते भागोजीला नंतर कळलं, आपण आत्ताच बघून घेऊ. भोंगे माडांना बांधलेले, तोंडं समुद्राकडं, माणसं बसतात तिकडं. मागं पडवीत नुसतं घुमणं यायचं, शब्द नाहीत. अंबाजी मशीनपाशी बिडी ओढत होता. त्याला रावजीची सक्त ताकीद होती, की काही झालं तरी त्या डब्याची खुंटी हलवायची नाही. आणि अंबाजी सांगितलेलं ऐकणारा माणूस होता. भोंग्यातून बाई बोलली, “माज्या लग्नातला हाय तो,” आणि सगळं मैदान हसलं. नाटक सुरू झालं म्हणून उभी माणसं खाली बसली. कुणीतरी टाळी वाजवली.

ती टाळी तेवढी भागोजीला ऐकू आली. त्याला वाटलं, दत्त्या पडद्याबाहेर गेला वाटतं. शालू नाही, नथ नाही, तरी टाळी. त्याचं डोकं फिरलं.

“ऐक. ऐक त्याला टाळ्या. नुसत्या चड्डीवर,” तो म्हणाला. “काल तालमीत तो गायला, तू ‘वा’ म्हणालीस. माज्या आवाजाला कदी म्हणालीस?”

“तुमच्या आवाजाला मी ‘ओ’ म्हणते. लगीन झाल्यापासनं.”

मैदान पुन्हा हसलं. भागोजीनं दात खाल्ले. मग त्यानं सगळंच बाहेर काढलं. दत्ताला सकाळी गोड सांदण मिळालं, मला पेज, असं म्हणाला. त्यावर राहीनं सांगितलं, की पेज तुम्हीच मागितली, पोट आत जावं म्हणून. दत्ताला हिनं डोळ्यात काजळ घातलं, असं तो म्हणाला. ती म्हणाली, तुम्हाला घालायची तेव्हा तुम्ही मांडीवर डोकं ठेवून घोरायचात. दत्ताची कंबर बारीक म्हणून तुला तो आवडतो, असं म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाज फाटला.

राहीनं हातातला गजरा खुंटीला अडकवला.

“रावजीभावोजींना मीच सांगितलं,” ती म्हणाली. “म्हटलं, ह्यांना औंदा सोडा.”

“तू?”

“व्हय, मी. दर वर्साला तुमी बाई होऊन वर, आनि मी खाली एकलीच. बाकीच्या बायका दोरीला टेकून बसतात, पल्याडच्या अंगाला त्यांचे घरवाले. दोरीखालनं पान देतात, शेंगदाने देतात. मी कुणाला देऊ? माजा नवरा वर, दुसऱ्याच्या गळ्यात पडून रडतोय. म्हटलं, एक डाव तरी दोरीच्या ह्या अंगाला मी आनि त्या अंगाला तुमी. म्हून दिला शालू. दुसरं काय न्हाय.”

गावच्या नाटकाला बायका एकीकडं, पुरुष एकीकडं बसत आणि मध्ये एक काथ्याची दोरी असे. त्या दोरीवर कुणी काही बोलावं, असं गावात आजवर झालं नव्हतं. बायकांच्या बाजूला कुणीतरी नाक ओढलं. मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं हलकेच दोरीखालून शेंगदाण्याची पुडी सरकवली.

अशा वेळी एखाद्या शहाण्या माणसानं बायकोचा हात धरला असता. भागोजीचेही डोळे भरले होते, नाही असं नाही. पण इतके दिवस जपलेला मत्सर असा एका मिनिटात टाकून द्यायचा, म्हणजे जिवावर येतं.

“ते झालं,” तो म्हणाला. “पन नथ? नथ कुणाच्या नाकाला बरी दिसते, ते सांगितलं न्हाईस.”

आणि मग असा काही हशा उसळला, की कनात हलली. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात दार ढकलून रावजी आत आला. तो घामाघूम झाला होता. माणगावच्या भातगिरणीचे मालक दयारामशेठ, नाटकाचे मोठे शौकीन, यंदाचे पाहुणे, त्यांना बोर्लीला एस्टीवरून घेऊन तो नुकताच मैदानात पोचला होता. आवाज ओळखून तो तेव्हाच धावला असता, पण शेठनी त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, बसा हो, रंगात आलंय म्हणून.

“भागोजी, बंद कर ती डबी.”

“बंदच हाय,” भागोजी म्हणाला आणि ओचा बाजूला करून दाखवला. “लाल दिवा हाय न्हवं?”

रावजीनं कपाळावर हात मारला. लाल दिव्याचा खरा अर्थ त्यानं सांगितला तो हळू आवाजात, पण खटका अजून वरच होता, त्यामुळे तोही गावानं ऐकला.

भागोजी शालूसकट पाटावर बसला. पळून जावं तर अंगणात माणसं, आणि चोळीची गाठ सुटत नाही. आणि इतक्यात खुद्द दयारामशेठच रंगमंचावर चढले, मागची कनात वर करून त्यांनी आत डोकावलं. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. पुढचा पडदा त्यांनी चढतानाच बाजूला सारला होता, त्यामुळे पाटावर बसलेला भागोजी सगळ्या गावाला दिसला.

मैदानाकडं वळून शेठ मोठ्यानं बोलू लागले. मुंबईची भली भली नाटकं मी बघितली, म्हणाले, पण बाईचं काम इतकं खरं कुठं पाहिलं नाही. आवाजात कुठं ओढाताण नाही, रडू नाही, नि काळजाला हात घातला. त्यांनी भागोजीकडं कौतुकानं बघितलं. भागोजीनं तशातही मान थोडी वर केली. आयुष्यभर ह्याच शब्दांची तर तो वाट बघत होता.

“हा न्हाय शेट,” रावजी खाली मान घालून म्हणाला. “बाई ही. ह्यानं नवऱ्याचं केलं.”

शेठनी एकदा राहीकडं पाहिलं, एकदा शालूकडं. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. माणूस सभ्य होता, पण नाटकाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

“रागावू नका,” ते भागोजीला म्हणाले. “बाईंचं काम अव्वल. पण नवरा काही पटला नाही. घरचा नवरा असा बोलतो का कुठं? फार वरवरचं वाटलं. पुढल्या वर्षी बाई हीच ठेवा. नवरा तेवढा बदला.”

मैदानात कुणी हसलं नाही. सगळे राही काय म्हणते म्हणून कान देऊन बसले. राही पुढं आली, नवऱ्यापाशी वाकली, त्याच्या मंगळसूत्राजवळ तोंड नेलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

“न्हाय शेट, असूं द्या ह्येच. तालीम अजून चालू हाय.”

आणि भागोजीनं, इतक्या वर्षांची सवय म्हणून, लाजून पदर तोंडाला लावला.