चक्कीच्या खिडकीतला कागद

"पूर्व विदर्भातले गुन्हेगार दोघांनाच घाबरतात. एक पोलीस आणि दुसरा मी. त्यातही पोलिसांना सुट्टी असते. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदू..."

हे माझ्या नवऱ्याचं स्वतःबद्दलचं मत. रोज दाढी करताना आरशाला सांगतात. मेंदूपाशी आले की नेमकं ब्लेड लागतं, त्यामुळे मेंदू कोणाचा ते लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मला कळलं नाही.

मुर्रीत रोडला लागून आमची चक्की आहे. बाहेर पाटी आहे: 'रेवाराम रहांगडाले. पीठ दळून मिळेल. रहस्य उकलून मिळेल. मिरची आणू नये.' आजवर उकललेलं रहस्य एकच, आमच्या हरवलेल्या कोंबडीचं. ती आदल्या रविवारी आम्हीच खाल्ली होती, असा निष्कर्ष निघाला.

मी रविता, अंगणवाडी सेविका. दिवसभर तीस पोरं सांभाळते आणि संध्याकाळी हे एक.

तर झालं असं. तेरा डिसेंबरच्या रात्री उल्कावर्षाव आहे, आभाळातून तारेच तारे पडणार, असं मी मोबाईलवर वाचलं आणि घरात मोठ्यानं बोलून बसले. माझी सासू जमुनाबाई खाटेवर उठून बसली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दहा वर्षांत बाईनं एक तारा पाहिला नव्हता. नुकतंच दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि काळा चष्मा अजून उतरला नव्हता.

"माह्या माहेरी, चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर निजून पाहत होतो वं आमी," ती म्हणाली. "एकडाव ने मले. पुढच्या साली मी राहीन का नाही, कोणाले माहीत?"

मला गलबलून आलं. सासूचं आणि माझं मिठावरूनसुद्धा भांडण होतं, पण त्या दिवशी मी ठरवलं, हिला नेणार म्हणजे नेणार.

गाडीसाठी संजूला विचारलं. त्याची काळीपिवळी सवारी जीप आहे. तो म्हणाला, "चोरखमारा लय दूर पडते वहिनी. दहा सवाऱ्या झाल्या तं निघतो, नाही तं नाही." मी दोन दिवसांत दहा नावं जमवली. आम्ही तिघं आणि गावातले सात. सतरंज्या ठरल्या, चिवडा ठरला, थर्मास कोणाचा तेही ठरलं.

तिसऱ्या दिवशी त्या सातांतला सुकराम आला. "वहिनी, तेरा तारखेले माहं पोट दुखणार आहे जी."

"आजच कसं कळलं?"

"दरसाली दुखते," म्हणून तो सटकला.

मग ओमेश. त्याची म्हैस नेमकी त्याच रात्री विणार होती. सुशिलाबाईंना उपास निघाला. बसल्या बसल्या तारे पाहायला उपास काय आडवा येतो, हे त्यांनाही सांगता येईना. आठवड्याभरात सातही जण गळाले आणि राहिलो आम्ही तिघं. सासू रोज विचारायची, "झाले का वं दहा?" मी म्हणायची, "होऊन राहिले माय." खोटं बोलताना माझा जीव तुटायचा.

"रविता, हा कट आहे," हे म्हणाले आणि डोक्याला मफलर बांधला. मफलर बांधला की तपास सुरू झाला असं समजायचं.

तपासाला मोठा कागद हवा होता. ओमेशनं दळणाच्या डब्यावर झाकलेला एक ऐसपैस कागद ह्यांनी पळवला, त्याच्या कोऱ्या बाजूवर संशयितांची नावं लिहिली, बाणबिण काढले आणि चक्कीच्या खिडकीच्या गजांना आतून चिकटवला.

"अहो, उलटून तरी पाहा. कामाचा कागद असंल एखादा."

"छापलेली बाजू सगळं जग पाहतं, रविता. गुप्तहेर कोरी बाजू पाहतो."

आमच्या घराचं दार मागच्या गल्लीत उघडतं. मी चहा घेऊन मागूनच चक्कीत जायची आणि ते बाण पाहून मागूनच परत यायची.

पहिला निष्कर्ष असा, की चोरखमारा नावातच चोर आहे, म्हणजे तिथे काहीतरी पुरलेलं आहे आणि टोळीला आपण तिथे नको आहोत. दुसरा असा, की गावातला कोणीतरी सगळे तारे एकट्यानं पाहून सगळ्या इच्छा एकट्यानं मागून घेणार आहे. तिसरा वाघाचा होता. चोरखमाऱ्याला जंगल लागून आहे, लोकांना वाघाची भीती घातली गेली, आणि वाघ स्वतः आमच्या चक्कीपर्यंत येऊन गेला. पुरावा म्हणून दारातल्या पायाच्या ठशांवर ह्यांनी बेसन भुरभुरलं. तासाभरानं वाघ परत आला आणि शेपूट हलवत सगळं बेसन चाटून गेला.

"सुकराम मुख्य आरोपी," हे म्हणाले. "आठवडाभर आधी पोटदुखीची तारीख ठरवणारा माणूस साधा नसतो."

खरं सांगते, एवढं एकच वाक्य मला पटलं.

खिडकीमुळे तर हे फारच खूश होते. "पाहिलंस? येणारा जाणारा माझ्या कागदापुढे थबकतो. तोंडावर हात ठेवतो. एक जण तर डोळे पुसत गेला. अपराधी मन, दुसरं काय!"

दहा तारखेला डॉक्टरांनी सासूचा काळा चष्मा काढला. रोडकडच्या कोवळ्या उन्हात तिला बसवायचं म्हणून मी घराला वळसा घालून चक्कीसमोर खुर्ची टाकली. बाई जुनी चौथी शिकलेली. आधी तिनं स्वतःचे हात पाहिले. मग समोरची लिंबोणी, मग मला पाहिलं आणि म्हणाली, "तू बारीक झाली वं." मी सुखावले. मग तिनं खिडकीकडे पाहिलं आणि अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचायला लागली.

"अवश्य... पाहा. तेरा डिसेंबर... रात्री दहा वाजता. नागरा येथे. वडशाच्या कंपनीचं... तीन अंकी... रहस्यमय नाटक. खालती बारीक आहे... थांब... रसिकांना नम्र विनंती. मुर्रीच्या... चक्कीवाल्या रेवारामभाऊंना... कळू देऊ नये."

आतून चक्की बंद झाल्याचा आवाज आला. हे बाहेर आले. भुवयांवर पीठ होतं. स्वतःच्या खिडकीसमोर उभं राहून त्यांनी ते दोनदा वाचलं.

तेवढ्यात ओमेश डबा घ्यायला आला आणि आयता सापडला.

"काऊन बे ओमेश?" सासूनंच विचारलं. "म्हैस कुठं विणार होती? नाटकात?"

"आता काय सांगू जी मावशी," ओमेश कान खाजवत म्हणाला. "मांगच्या साली भाऊजीनं दुसऱ्या अंकात स्टेजवर चढून पेटीमास्तरची कॉलर धरली. 'खुनी हाच!' म्हणे. खरा खुनी हासून हासून डायलॉग भुलला. पहाटे पाच वाजेपर्यंतचं नाटक रात्री साडेबाराले खतम. म्हणून आमच्या नाटकाच्या मंडळानं औंदा पोस्टरवरच छापलं. वहिनीले सांगितलं असतं तं भाऊजीले कळलं असतं."

ह्यांनी मफलर सोडला आणि ओट्यावर बसले. मला राग यायला हवा होता, पण हसू आवरेना.

सासूला मात्र हसू येत नव्हतं. "म्हणजे दहा नाही झाले," ती एवढंच म्हणाली. नवे डोळे भरून आले. डॉक्टरांनी तर रडू नका म्हणून बजावलं होतं. ते पाहून मी पेटलेच.

"ओमेश," मी म्हटलं, "आता तर ह्यांना कळलं. तेरा तारखेला हे नाटकाला येणार. पुढच्या सतरंजीवर बसणार."

ओमेशचा चेहरा उतरला.

"हे तिथे नको असतील तर एकच उपाय आहे. त्यांना त्या रात्री लांब कुठेतरी न्यायला पाहिजे. चोरखमारा चांगलं लांब आहे."

अर्ध्या तासात अख्खं मंडळ संजूच्या दारात होतं. त्यानं दहा सवाऱ्यांची अट सोडली. तसंही त्याला नाटकात झोप येते. सुशिलाबाईंनी चिवडा दिला, सुकरामनं थर्मास दिला. मंडळाची अट एकच होती, भाऊजींना उजाडल्याशिवाय परत आणायचं नाही.

तेराच्या रात्री आम्ही पाळीवर सतरंजी टाकली. संजू गाडीत घोरत होता. काळाकुट्ट अंधार होता, खाली तलाव आणि वर गच्च आभाळ. पहिला तारा सरकला तशी सासूनं माझा हात धरला. "पाह्यलं का वं? मले दिसला!" सातव्यानंतर ती मोजायचं विसरली आणि लहान पोरीसारखी खिदळायला लागली. मीही रडून घेतलं, अंधारात कोण पाहतं?

हे मात्र टॉर्च घेऊन पाळीच्या गवतात वाकलेले.

"रेवा, का करून राहिला?"

"एवढे पडून राहिले तर एखादा इथे सापडलाच पाहिजे, माय. पुरावा."

"वर पाह्य बे."

"वर सगळं जग पाहतं, माय. गुप्तहेर..."

म्हातारी उठली. तिनं टॉर्च विझवला, पन्नाशीच्या पोराची हनुवटी धरली आणि तोंड आभाळाकडे केलं. नेमका तेव्हाच एक मोठा तारा तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. म्हणाले, "अरे बाप्पा." मग मुकाट्यानं आईशेजारी आडवे झाले आणि उजाडेपर्यंत त्यांनी कोणावरही संशय घेतला नाही.