नामाकाकाचे रुमालाखालचे सौदे

आमच्या घरात तेव्हा बैलाची शेपटीसुद्धा नव्हती. एक बैल पुरात गेला, दुसरा एकटा जुंपता येईना म्हणून विकला. गावातल्या दुसऱ्यांची चिखलणी उरकली की मग कुणाची तरी जोडी आमच्या खाचरात यायची. तोवर आमची भाताची रोपं पिवळी पडलेली असायची. अशा दिवसांत मी पहिल्यांदा नामाकाकाबरोबर म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजारात गेलो. काकाने एका पांढऱ्या खोंडाचा जबडा उघडून दात बघितले, तेव्हा मला वाटलं, आमचं नशीब उघडलं.

संध्याकाळपर्यंत काकाने निम्म्या बाजाराचे दात बघितले. बैल एकही घेतला नाही. पुढल्या वर्षी तेच, त्याच्या पुढल्या वर्षीही तेच.

नामाकाका म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमची वाडी. तिथे ओटीवर बसलं की रोज तीच माणसं त्याच वाटेने जाणार. काकाला ती पुरत नसत. पावसाळा संपला की म्हणायचा, "नवा मानूस बघून लय दिस झाले रे." जणू सुकट खाऊन लय दिस झाले.

जत्रेत त्याची रीत ठरलेली. बैलाभोवती फेरी मारायची, पाठीवर थाप द्यायची, दात बघायचे, आणि मग मालकाशेजारी गवताच्या पेंडीवर बैठक मारायची.

"गाव कुठलं तुमचं?"

मालक सांगायचा.

"तिकडं भात कसं पिकलं? सासुरवाडी कुठली? पोरगी कुठं दिली?"

बैल कोणत्या गाईचा हे विचारायचा तो विसरत असे, मालकाचं आजोळ मात्र नक्की विचारी. मालकाने भाकरी सोडली की काकाही आपलं फडकं सोडायचा. शेवटी सौदा. बैलाचा भाव चारचौघांत तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. काकाचा सौदा बराच वेळ चाले आणि हमखास मोडे. काका मात्र खुशीत उठायचा. "चला, वळख झाली."

मी तेव्हा शहापूरला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचं कारण मला कळलंच पाहिजे असं वाटे. काका रुमालाखाली आकडा दाबतो तरी कुठला?

"रुमालाखालचं रुमालाखाली राहू दे," काका म्हणायचा.

"शेळीचा भाव सांगत आसल," आई म्हणाली. "बैलवाला चिडंल नाय तर काय."

पण अशी कीर्ती लपत नाही. मी बीए झालो त्या हिवाळ्यात व्यापाऱ्यांनी काकाला ओळखलं. एकाने बैलाच्या तोंडापुढे हात आडवा धरला. "मामा, गेल्या साली बघितलेत ना दात? तेच हायत." दुसऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं, "ह्याला हात देऊ नको, नुसता टाइम खातो." काका हसून पुढे गेला. पुढच्यानेही तोंड फिरवलं. बघता बघता सगळ्या रांगेत बातमी पोचली.

काकाने रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "चल घरी. परत नाय यायचं हिकडं." एवढं हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

रांगेच्या टोकाला सापगावचे हरीभाऊ बसले होते. काकाच्याच वयाचे. गेल्या वर्षी त्यांच्याशीही काकाचा सौदा मोडलेला.

"नामाभाऊ, माझा बैल नाय बघायचा?"

"मला बैल घ्यायचाच नाय," काका म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हे कबूल केलं.

"ठावं हाय. बस."

काका पाणी आणायला गेला तेव्हा मी हरीभाऊंना विचारलंच, "गेल्या वर्षी काकाने भाव किती सांगितला होता?"

"कसला भाव? मी माझा आकडा दाबला, वाट बघितली. त्यानं बोट हलवलंच नाय. नुसता हात धरून बसला. ह्या लोकांना वाटतं, येडा हाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"माझी बायको गेली त्याच साली," हरीभाऊ बैलाकडे बघत म्हणाले. "मी पन नाय सोडला."

काका पाणी घेऊन आला. दोघं ऊन उतरेपर्यंत बोलत बसले.

पुढल्या उन्हाळ्यात हरीभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवाला आंब्या-उंबराच्या डहाळ्या लागतात आणि त्या घरच्याच माणसांनी तोडून आणायच्या असतात. हरीभाऊंनी त्यासाठी काकाला आधीच बोलावून घेतलं. मांडवात कुणीतरी विचारलं, "हे कुठले पाव्हणे?"

"पाव्हणे तुमी," हरीभाऊ म्हणाले. "ह्यानं डहाळ्या आनल्यात."

वऱ्हाड गेलं, मांडव उतरला, तरी काका घरी येईना. वडील काळजीने सापगावला गेले. काका आणि हरीभाऊ परसात उभे राहून, कोंबडी कुणी मोकळी सोडली यावरून भांडत होते. वडिलांनी चहा घेतला आणि एकटेच परत आले.

साठी उलटल्यावर आमच्या नामाकाकाला, न विचारता जाऊन राहावं असं एक घर मिळालं.