बांबूवरची चिमणी

ब्रशच्या एका फटकाऱ्यात बांबूचं अख्खं पेर उभं करणारा माणूस रत्नागिरीत एकच आहे आणि तो म्हणजे आपण, अशी श्रीपतरावांची खात्री होती. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर मुंबईच्या एका शिबिरात ते ही चिनी चित्रकला शिकून आले होते. काळी शाई, पातळ कागद आणि नियम एकच: मारलेल्या फटकाऱ्याला पुन्हा हात लावायचा नाही.

त्यामुळे २००३ साली त्यांच्या लेकीच्या, अवनीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, राजापुरात घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला काय न्यायचं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

"स्टीलचा डबा नेऊ या," त्यांच्या पत्नी कमलाबाई म्हणाल्या.

"डबा कोणीही देईल."

भरल्या पडवीत आप्पांनी चित्र उलगडलं. चार बांबू आणि वर चिमणी. शाई जरा फुटल्यामुळे चिमणी अंगाने भरली होती आणि काळी कुळकुळीत झाली होती.

आप्पांची म्हातारी आत्या हौसाबाई जवळ येऊन बघत राहिली. "बांबू नि कावळा? गेलं कोण?"

"चिमणी आहे ती, आत्या," श्रीपतराव म्हणाले.

"काळी?"

"शाईच काळी असते."

चित्रासाठी ठोकलेला खिळा आप्पांनी उपटून काढला.

कमलाबाईंनी डोळे मिटले. लेकीची सोयरीक श्रीपतरावांना डोळ्यांसमोर मोडताना दिसू लागली. सर्वांदेखत सही करायची म्हणून त्यांनी ब्रश आणि शाई आणली होती. पक्षी खातापिता दिसला की लोकांना पटेल, असं वाटून त्यांनी नियम मोडला आणि चोचीपुढे एक फळ काढलं. गोल, नुसत्या रेघेचं, आत पांढरं.

"पिंड," मागून कोणीतरी पुटपुटलं.

हौसाबाईने हात जोडले. "शिवला हो."

जेवणं उरकली. निघताना आप्पा म्हणाले, "लग्न ठरलंय ते ठरलंय. पण पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं छापा. तुमच्यासाठीच."

गुंडाळी काखेत मारून श्रीपतराव एसटीची वाट बघत उभे होते. आता ब्रश जन्मात हातात धरायचा नाही, असं ते कमलाबाईंना सांगत होते, तेवढ्यात वास्तुशांत करणारे धोंडूभटजी मागून धापा टाकत आले.

"चित्र मला देता का? दहाव्याला कावळा वेळेवर येत नाही हो. यजमान उन्हात ताटकळतात."

आजवर त्यांचं चित्र कोणी मागून घेतलं नव्हतं. श्रीपतरावांनी गुंडाळी पुढे केली. हातातून सुटता सुटता मात्र त्यांना राहवलं नाही.

"चिमणी आहे ती."

"असू दे की," भटजी म्हणाले. "शिवल्याशी मतलब."