शनिवारची दाद

धाकट्या जावयाने सौदा मनातल्या मनात तोलून पाहिला होता. द्यायचं काय, तर शनिवारची संध्याकाळ सासऱ्यांशेजारी टीव्हीसमोर बसायचं. मिळायचं काय, तर सासऱ्यांच्या चष्म्याच्या दुकानाची किल्ली, जिच्यावर थोरल्या साडूचाही डोळा होता. स्वस्तात पडत होतं.

सासऱ्यांना जुन्या जॅझ गाण्यांचं वेड. दर शनिवारी टीव्हीवर मैफल लागायची. गाणी तीच, गाणारे दर खेपेला नवे. सासरे डोळे अर्धे मिटून गुडघ्यावर ठेका धरायचे. सासूबाईंना नेमका तेव्हाच गळका नळ आठवायचा, आणि साडू हटकून विचारायचा, "बाबा, ही बाई गातेय की रडतेय?"

धाकटा मात्र गप्प असायचा, कारण तो झोपलेला असायचा. सासऱ्यांच्याच दुकानात दिवसभर उभं राहिलेल्या माणसाला मऊ सोफा मिळाल्यावर दुसरं काय होणार? पण जॅझची रीतच अशी, की ऐकणारे गाणं संपायची वाट पाहत नाहीत. ट्रंपेटवाला आपला तुकडा वाजवून थांबला की टाळ्या, पियानोवाला थांबला की पुन्हा टाळ्या. प्रत्येक वेळी जावई दचकून जागा व्हायचा, "वा!" म्हणायचा आणि परत पेंगायचा. दाद बरोब्बर जागेवर पडायची.

"जावयाला कान आहे हो!" सासूबाई शेजारीपाजारी सांगू लागल्या. ही कीर्ती ऐकून सासऱ्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर, एका शनिवारी मुद्दाम जाणकार जावई पाहायला आले.

नेमकं त्या दिवशी स्टुडिओतलं जुनं चित्रण लागलं. समोर श्रोते नाहीत, म्हणून टाळ्याही नाहीत. एक म्हातारी गायिका कानात सांगितल्यासारखं हळू गात होती. जावई जो गेला तो गेलाच. गाणं संपलं, जाहिरात लागली. फरशी चकाचक झाली म्हणून जाहिरातीतल्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

"वा!" जावई उसळून म्हणाला. "काय जागा घेतली!"

दातांच्या डॉक्टरांची स्वतःची कवळी निसटायची वेळ आली. "फिनेलला दाद देणारा रसिक आज पाहिला!"

सासऱ्यांनी जाहिरातीचा आवाज बारीक केला.

"गेली किल्ली," घरी जाताना बायको म्हणाली. "आता फरशाच पुसा."

जावई पेटला. आठवडाभर दुकानात काचा पुसता पुसता त्याने तीच गाणी ऐकली, एकेका गाण्याचे चार-चार गाणारे. आधी जांभया आल्या. मग एका गायकाने शब्द मुद्दाम रेंगाळत ठेवून शेवटी ठेका गाठला, तेव्हा हातातली काच हातातच राहिली. पुढे पुढे तर तो गिऱ्हाइकालाच म्हणू लागला, "जरा थांबा हो, हिचं संपू दे." त्याला ते चक्क आवडायला लागलं.

शनिवारी स्वारी टक्क जागी. "बाबा, ऐकलंत? ही ठेक्याच्या किंचित मागून येते. मागच्या खेपेचा तो सरळ चालायचा. आता बघा हं, आता सॅक्सोफोन..."

"हं."

"आणि हा सूर बघा, कसा सोडला!"

सासऱ्यांनी टीव्ही बंद केला. कपाटातून किल्ली काढली आणि जावयाच्या हातावर ठेवली.

"बाबा! म्हणजे ते त्या दिवशीचं..."

"तुम्ही झोपता, ते पहिल्याच शनिवारी कळलं होतं मला. घोरण्याला ठेका नव्हता तुमच्या. पण जावईबापू, या घरात माझ्याजवळ तासभर गप्प बसणारा माणूस जन्मात एकदाच मिळाला होता. तोही गेला. आता एवढं करा, दुकान शनिवारी संध्याकाळीही उघडं ठेवा. तुम्ही स्वतः. नेमाने."

तेव्हापासून शनिवारी सोफ्यावर साडू असतो. त्याला जॅझमधलं ओ की ठो कळत नाही; पण बायकोने दम दिल्यामुळे तो तोंड मिटून बसतो आणि थोड्या वेळाने डोळेही मिटतो. सासरे सुखाने ऐकतात.

हिशेब मांडला तर थोरल्याला झोप मिळाली, सासऱ्यांना शांतता आणि धाकट्याला किल्ली. किंमत मोजली ती एकट्या धाकट्याने, शनिवारच्या मैफलीला मुकून. त्या गाण्यांची गोडी लागली नसती, तर किल्ली त्याला फुकटात पडली असती.