तारेची दोन टोकं

"आज ऑफिसला पळणार नाही म्हणजे नाही!" सासूबाईंच्या साठीच्या जेवणाला बसताना मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. गेल्या तीन समारंभांतून मी भरल्या ताटावरून उठलो होतो.

"आज उठलात, तर परत या घरात पाय ठेवू नका," ती म्हणाली. तेही हसत हसत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं!

पण मी पक्का बंदोबस्त केला होता. ऑफिसात आमचे दोन सर्व्हर, थोरला आणि धाकटा. पेट्यांवर तशी नावंही चिकटवलेली. दोघांच्या पाठीमागचे सिरियल पोर्ट, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट बोलायची भोकं, मी एका तारेने जोडून टाकले होते. थोरल्याचं नेटवर्क गेलं, तरी घरबसल्या धाकट्यात शिरायचं आणि तारेवरून थोरल्याचा कान धरायचा!

पहिला घास घेतला आणि साहेबांचा फोन. "अरे, थोरला गेला! सगळं बुकिंग ठप्प! ताबडतोब ये!"

"यायचं कशाला, साहेब?" मी ऐटीत ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. बायकोने डोळे वटारले. "उठलोय का मी? नाही ना!"

धाकट्यात शिरलो. तारेवरून पुढे सरकलो. पासवर्ड विचारला, दिला. दोघांचा एकच, मीच ठेवलेला. शिरलो की आत! सासूबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या!

थोरला तर ठणठणीत दिसत होता. म्हणजे नुसतं नेटवर्क अडकलेलं. ते एकदा बंद करायचं, परत चालू करायचं. तारेवरून आलेल्या माणसाला नेटवर्कची काय पर्वा! सोडला 'बंद'चा हुकूम.

स्क्रीन गोठली! 'चालू'चं एक अक्षर उमटेना!

फोनवर साहेब किंचाळले, "आता धाकटाही गेला! काय केलंस?"

ऑफिसच्या रखवालदाराला फोन लावला. "तार निसटलीय का बघा हो!"

"नाही साहेब, घट्ट आहे. एक टोक धाकट्यात."

"आणि दुसरं?"

"तेही धाकट्यातच! एक वरच्या भोकात, एक खालच्या."

म्हणजे मी धाकट्यातून निघून धाकट्यातच पोचलो होतो, आणि ज्या दारातून आत आलो तेच बंद करून बसलो होतो!

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

"तुम्हीच चिठ्ठी लावलीय ना, 'तज्ज्ञांशिवाय कुणीही हात लावू नये'. म्हटलं, असेल काहीतरी तज्ज्ञांचं!"

आता जाण्यावाचून इलाज नव्हता. मी मान खाली घालून उठलो. बायको भांडली नाही. उलट माझे बूट स्वतः आणून समोर ठेवले.

"एक या पायात, दुसरा त्या पायात," ती म्हणाली. "जमेल ना?"